बुचांचा क्लच

ते १९७३ साल होतं, ऑगस्टचा शेवटचा शनिवार. इंग्लंडात लिंकनशायर भागात युद्धाच्या वेळची एक धावपट्टी होती. विमानं केव्हाच गेली होती, आणि उन्हाळ्यात तिथं जुन्या मोटारींच्या शर्यती व्हायच्या. त्या धावपट्टीच्या कडेला गवतावर मेजर हॅलम नावाचे उंच, पिकल्या मिशांचे गृहस्थ गुडघे टेकून बसले आणि त्यांनी आमच्या गाडीच्या पोटाखाली आपला पांढरा रुमाल धरला.

आम्ही तिघं शेजारी उभे होतो. गाडीचे मालक गार्साइडसाहेब, माझे यजमान वामनराव, आणि चहाच्या कपांचा पत्र्याचा ट्रे हातात घेतलेली मी.

रुमाल बाहेर आला. मधोमध तेलाचा एक थेंब होता.

“क्लचमध्ये तेल,” मेजर म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे. “उद्या दुपारी एक वाजता मी पुन्हा बघेन. क्लच कोरडा नसेल तर ही गाडी सुटणार नाही.”

गार्साइडसाहेब लेस्टरच्या बस डेपोत फोरमन होते आणि वामनराव त्यांच्या हाताखाली फिटर. साहेबांनी तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी गोठ्यातून ही गाडी उचलून आणली होती. १९३६ सालची हडसन, आठ सिलिंडरची, अमेरिकन. तिचं मूळचं अवजड अंग काढून कुणी इंग्रजानं वर हलका पत्रा चढवला होता, शर्यतीसाठी. रंग फिका पिवळा. तीन उन्हाळ्यांचे सगळे रविवार दोघांनी तिच्यावर घालवले होते, म्हणून मी ‘आमची गाडी’ म्हणते.

ज्या क्लबच्या या शर्यती होत्या, त्याला अमेरिकन गाड्यांचं वावडं होतं. इंग्लिश, फ्रेंच, इटालियन गाड्या म्हणजे खानदानी. अमेरिकन म्हणजे ट्रकचं इंजिन, घाऊक माल, टॅक्सी. गार्साइडसाहेब तीन वर्षं क्लबला पत्रं लिहीत होते. शेवटी त्या वर्षी कमिटीनं एकदा, फक्त एकदा, एका अमेरिकन गाडीला परवानगी दिली. ती दहा फेऱ्या नीट पुऱ्या करते का, रस्त्यावर तेल सांडते का, हे पाहून सोमवारी कमिटी कायमचा निर्णय करणार होती, आणि अहवाल मेजर हॅलम लिहिणार होते. साहेबांना ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायची सोय नव्हती. त्यांचं वय बासष्ट, छातीचं दुखणं. शर्यतीच्या परवान्यावर पुढच्या वर्षी सही करणार नाही, असं डॉक्टरनं सांगून टाकलं होतं.

मेजर तिथंच थांबले. त्यांच्याबरोबरचे क्लबचे आणखी दोघंही थांबले. वामनरावांनी बाह्या सरसावल्या. डेपोत बसच्या क्लचवर तेल आलं की ती मोठी चूक समजत. चकती काढून पेट्रोलनं धुवायची, हा नियम. आमच्या गाडीचा क्लच उघडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी गाडीखाली शिरून इंजिनामागच्या जड फिरत्या चाकावरचं लहानसं झाकण उघडलं, आतलं तेल डब्यात काढलं, पेट्रोल ओतलं, गार्साइडसाहेबांना इंजिन फिरवायला लावलं, पेट्रोल काढलं, पुन्हा ओतलं. तीनदा. शेवटी बाहेर आलं ते पाण्यासारखं स्वच्छ.

“असं काम हवं,” मेजर म्हणाले आणि निघून गेले. वामनरावांनी कपाळ पुसलं आणि ट्रेमधला कप घेतला. चहा निवला होता.

दुपारी सरावाच्या फेऱ्या होत्या. तारेच्या कुंपणाशी चौकटीची टोपी घातलेला एक माणूस होता. आमची पिवळी गाडी समोरून गेली की तो रस्त्यावर टॅक्सी थांबवतात तसा एक हात वर करायचा. पहिल्या फेरीला त्याच्या आजूबाजूचे हसले. दुसऱ्या फेरीला पाच-सहा हात वर झाले. तिसऱ्या फेरीला गाडी आलीच नाही. बऱ्याच वेळानं शेतकऱ्याचा ट्रॅक्टर तिला दोरानं ओढत घेऊन आला, तेव्हा कुंपणाशी निदान तीस हात वर होते.

गार्साइडसाहेब उतरले. चेहरा राखेसारखा. गिअर पडत होते, इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती, असं म्हणाले. मी जवळ गेले. गाडीखालून धूर येत होता आणि त्या धुराला एक वास होता, करपलेल्या लाकडाचा, पण लाकडाहून गोडसर.

तो वास मला तीस वर्षांनी आला.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कृष्णाकाठच्या एका लहानशा संस्थानात मोटारखान्याचे मिस्त्री होते. राजेसाहेबांची इंग्लिश गाडी होती, ती दसऱ्याला बाहेर निघायची. वर्षाचे बाकीचे दिवस कच्च्या रस्त्यांवर आणि शिकारीच्या रानात धावायच्या त्या अमेरिकन गाड्या. त्यांतल्या तीन हडसन. त्यांचा क्लच बाकीच्या गाड्यांसारखा नव्हता. पोलादी चकतीला गोल भोकं, प्रत्येक भोकात एक बूच ठोकून बसवलेलं, आणि ती सगळी बुचं कायम तेलात भिजलेली. तेल असेल तर तो क्लच लोण्यासारखा लागतो. तेल नसेल तर बुचं जळतात.

युद्धाच्या काळात अमेरिकेचा माल यायचा बंद झाला, तेव्हा आबांनी तोड काढली. राजेसाहेबांकडे गोरे पाहुणे आले की खानसामा दारूच्या बाटल्यांची बुचं पिशवीत घालून मोटारखान्यात पाठवायचा. आबा ती उकळायचे, मऊ झाली की भोकात दाबायचे, कापून सारखी करायचे आणि चकती रात्रभर तेलात बुडवून ठेवायचे. मी सात वर्षांची होते. बूच वाकडं गेलं तर सरळ करायला माझी बोटं त्यांना बरोबर पडत.

“बुचं जळाली,” मी वामनरावांना म्हणाले. मराठीत, हळू.

“कसली बुचं?”

“क्लचची. अहो, त्यात तेल असायलाच हवं होतं. गिअरबॉक्स उतरवा, म्हणजे दिसेल.”

ते आणखी एकही प्रश्न न विचारता पाने काढायला गेले. वामनरावांचा हा गुण मी जन्मभर सांगत आले आहे.

गार्साइडसाहेब डब्यावर बसले होते. ते म्हणाले की आता पुरे, मी कमिटीला नाव मागं घेतल्याची चिठ्ठी देतो. मला इंग्रजी येत होतं, पण साहेबांशी मी तोवर ‘दूध घालू का’ आणि ‘साखर किती’ यापलीकडे बोलले नव्हते. मी म्हणाले, “उद्या एकपर्यंत चिठ्ठी देऊ नका. एक वाजता द्यायची तर द्या.”

सहा वाजेपर्यंत चकती गवतावर होती. ऑगस्टमधला उजेड तिथं साडेआठपर्यंत टिकतो, तेवढाच हातात होता. चकतीत नव्वद बुचं होती. मी एकेक नखानं दाबून पाहिलं. एकेचाळीस कोळसा झाली होती.

“आणि ही मिळतात कुठं?” वामनरावांनी विचारलं. “उद्या रविवार. सगळं बंद.”

कमिटीचा मोठा तंबू समोरच होता. दुपारी तिथं क्लबचं जेवण झालं होतं, पांढरे टेबलक्लॉथ, फ्रेंच वाइन. तंबूचं स्वयंपाकघर डोरीन नावाची एक जाडजूड, लालबुंद बाई सांभाळत होती. लेस्टरकडच्या बायका कुणालाही ‘डक’ म्हणतात, म्हणजे बदक. पहिले सहा महिने मला ती शिवी वाटायची. मी तिला विचारलं की दुपारच्या बाटल्यांची बुचं आहेत का.

“किती हवीत, डक?”

“पन्नास.”

ती माझ्या साडीकडे आणि तेलानं काळ्या झालेल्या हातांकडे पाहत राहिली. “पन्नास बाटल्या प्यायला बसलात तर मला बोलवा,” म्हणाली आणि कचऱ्याचा पिंप आडवा केला. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून वेचू लागलो. कशासाठी ते सांगितल्यावर ती आधी हसली, मग थांबली आणि गंभीरपणे निवडायला लागली. स्क्रूनं आरपार भोक पडलेलं बूच चालणार नाही म्हटल्यावर तिनं तशी बाजूला काढली. चांगली छत्तीसच निघाली. मग तिनं काय केलं असेल, तर फडताळातून रविवारसाठी ठेवलेल्या सहा बाटल्या काढल्या आणि स्क्रू तिरपा घालून, बुचाच्या मधोमध भोक पडू न देता त्या उघडल्या. उद्या दुपारी कमिटीला वाइन जरा उतरलेली लागेल, त्याला माझा इलाज नाही, असं म्हणाली.

अंडी उकडायच्या पातेल्यात आम्ही बुचं उकळली. पाणी जांभळं झालं. मऊ झालेलं एकेक बूच मी भोकात दाबत होते, वामनराव करवतीच्या पात्यानं ते कापत होते आणि गार्साइडसाहेब काचेच्या तुकड्यावर पॉलिशपेपर ठेवून चकती घासत होते, सपाट येईपर्यंत. बोटं भाजत होती. सदतिसाव्या बुचापाशी वामनरावांचं पातं माझ्या अंगठ्याला लागलं. चिंधी बांधली आणि पुढं चाललो. त्यांनी एकदाच विचारलं, “हे धरेल?”

“आबांचं दोन वर्षं धरायचं. आपल्याला दहा फेऱ्या हव्यात.”

चकती भिजवायला तेवढं पसरट भांडं नव्हतं. आम्ही तंबू ठोकून राहिलो होतो आणि पोळ्यांसाठी मी माझी परात आणली होती. इंजिनाचं तेल आणि थोडं रॉकेल कोमट करून तिच्यात ओतलं आणि चकती बुडवली. वर झाकण म्हणून पोळपाट ठेवला. त्या रात्री आम्ही पाव खाल्ला, आणि त्या परातीत मी पुन्हा कधी कणीक मळली नाही.

सकाळी सहापासून गिअरबॉक्स परत चढवायला घेतला. सगळं बसल्यावर मी वामनरावांना ते लहान झाकण दाखवलं. झाकणाखालचं फायबरचं वायसर सुकून तडकलं होतं. शनिवारचा थेंब तिथूनच आला होता. वामनरावांनी बसच्या सामानातून तांब्याचं नवीन वायसर काढून घातलं. काम दहा मिनिटांचं. ते झाकण आवळत असताना त्यांचा कान लाल झालेला मला दिसला. मग त्यांनी मोजून पाव लिटर तेल आत घातलं.

बरोबर एक वाजता मेजर आले. चौकटीच्या टोपीवाला मागोमाग होताच. तो मेजरांचा पुतण्या निघाला. मेजरांनी खाली वाकून झाकण उघडायला सांगितलं आणि बोट आत घातलं. बोट ओलं आलं.

“मी कोरडा म्हणालो होतो.”

गार्साइडसाहेब सांगायला लागले, अडखळले. वामनराव पुढं झाले, पण त्यांचं इंग्रजी घाईत पळून जायचं. मी ट्रे गवतावर ठेवला.

“मेजरसाहेब, हे तेल गळून आत गेलेलं नाही,” मी म्हणाले. “ते आत घालायचंच असतं.”

त्यांनी माझ्याकडे प्रथमच पाहिलं. “असं कोण म्हणतं?”

“हे झाकण म्हणतं. गळकं तेल काढायचं भोक असतं ते क्लचच्या बाहेरच्या कवचाला, अगदी तळाशी. हे फिरत्या चाकाला आहे. चाकाला भोक पाडून त्यावर कुणी आटे असलेलं झाकण बसवत नाही, आत काही भरून ठेवायचं असल्याशिवाय.”

मेजर पुन्हा खाली वाकले. या वेळी बराच वेळ.

“तुम्हाला हे कुणी शिकवलं?”

“वडिलांनी. त्यांच्याकडे अशा तीन गाड्या होत्या. म्हणजे राजाच्या होत्या, पण त्यांच्याकडे होत्या.”

“काल मी तेल काढायला सांगितलं तेव्हा हे कुणी बोललं नाही.”

“आज बोलतेय,” मी म्हणाले. “काल थेंब पडला तो वायसरचा. ते बदललंय. शर्यत झाल्यावर तुम्ही पुन्हा कापड धरा. रुमाल नको, लहान पडेल. जेवणाचा टेबलक्लॉथ अंथरा आणि दहा मिनिटं थांबा. पाच पेनीच्या नाण्याहून मोठा डाग पडला, तर आम्ही गाडी घेऊन जाऊ आणि पुन्हा कधी अर्ज करणार नाही.”

वामनराव माझ्याकडे वळले. गार्साइडसाहेबांनी डोळे मिटले. तीन वर्षांची पत्रं मी त्यांना न विचारता एका नाण्यावर लावली होती. मेजरांनी साहेबांना विचारलं, “हे तुम्हाला मान्य आहे?”

साहेबांनी डोळे उघडले. “बाईंनी सांगितलंच आहे,” ते म्हणाले.

शर्यतीत चौदा गाड्या होत्या. निशाण पडलं आणि आमची गाडी सगळ्यांत मागून निघाली, कारण मी साहेबांना बजावलं होतं की क्लच हळू सोडा, बुचं अजून बसायची आहेत. टोपीवाल्यानं हात वर केला. कुंपणाशी शंभर हात वर झाले. “टॅक्सी,” कुणीतरी ओरडलं. मी तारेला धरून उभी होते आणि धुराचा वास येतो का एवढंच पाहत होते.

वळणांवर ती गाडी जड होती, हे कबूल केलं पाहिजे. तिथं तिला बारक्या फ्रेंच गाड्या मागं टाकायच्या. पण सरळ धावपट्टी आली की साहेब पाय दाबायचे आणि ती कसलीही कुरकुर न करता दोघा-तिघांना ओलांडून जायची. तिसऱ्या फेरीला एक गाडी वाफ सोडत बाजूला थांबली. चौथीला आणखी दोन. सहाव्या फेरीत आमची गाडी आठवी होती. सातव्या फेरीला मी पाहिलं तर हात वर होते, पण मोजके. नवव्या फेरीला टोपीवाल्यानं हात अर्धा वर नेला आणि टोपी सारखी केल्यासारखं केलं. मला बुचांची भीती होती, बाकी कशाची नाही. दहाव्या फेरीला ती वळणामागून पिवळी दिसली तेव्हा वामनरावांनी माझं मनगट धरलं होतं. चारचौघांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

ती पाचवी आली.

डोरीननं टेबलक्लॉथ स्वतः आणून अंथरला. साहेबांनी गाडी त्यावर उभी केली. मेजरांनी घड्याळ काढलं. हळूहळू माणसं जमली. शेजारी मेजरांचीच इंग्लिश गाडी उभी होती, नुकतीच दुसरी आलेली. तिच्याखालच्या गवतावर तेलाचं थारोळं पसरत होतं. सगळ्यांना ते दिसत होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं. दहा मिनिटं झाली. चौघांनी गाडी मागं ढकलली.

कापडावर एक ठिपका होता. मेजरांनी खिशातून नाणं काढून त्यावर ठेवलं. नाण्याखाली ठिपका पूर्ण झाकला गेला आणि कडेनं नुसतं पांढरं कापड उरलं. त्यांनी नाणं उचललं, ठिपक्याकडे पाहिलं, मग माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे. दोन्ही साधारण सारखेच होते.

साहेबांनी त्यांना जळक्या बुचांची हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी मला विचारलं, “बुचं तुम्हाला मिळाली कुठून?”

मी पदराच्या गाठीतून कापून उरलेले दोन तुकडे काढून दिले. बुचांवर फ्रेंच अक्षरांचे अर्धे छाप होते. मेजरांनी चष्मा लावून ते वाचले. त्यांना ते चांगले ओळखीचे असावेत.

“लाल की पांढरी?”

“दोन्ही, सर,” डोरीन मागून म्हणाली.

त्यांच्या मिशा हलल्या. मग त्यांनी वही काढली, उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या आणि पान फाडून गार्साइडसाहेबांना वाचायला दिलं. साहेबांनी ते वाचलं आणि चष्मा पुसायला तंबूमागं गेले.

घरी परतताना आमच्या लहानशा व्हॅनमध्ये आम्ही दोघंच होतो. परात मागं खडखडत होती. वामनराव रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “काल मी पेट्रोल ओतत होतो, तेव्हा तू ट्रे घेऊन उभी होतीस.”

“हो.”

“तुझं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग मिटलंस.”

“हो.”

“म्हणजे तेव्हाच ठाऊक होतं तुला.”

मी अंगठ्यावरची चिंधी घट्ट केली. होतं ठाऊक. झाकण उघडताना मला आबांचा हात दिसला होता. आबाही क्लच रॉकेलनं धुवायचे, पण लगेच तेल भरायचे. तीन साहेब उभे होते आणि माझा नवरा त्यांच्यासमोर काम करत होता. त्याच्या कामात बायकोनं चूक काढायची नसते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं. एका वाक्यानं एकेचाळीस बुचं वाचली असती आणि एका म्हाताऱ्या माणसाचं काळीज.

“चारचौघांत तुम्हाला कमीपणा आला असता,” मी म्हणाले.

“आला असता,” ते म्हणाले. त्यांनी गिअर बदलला. “पण जळक्या क्लचनं आला त्याहून कमीच आला असता. पुढच्या वेळी बोल.”

सोमवारी कमिटीनं अमेरिकन गाड्यांना दार उघडं केलं, एका मताच्या फरकानं. ते एक मत मेजरांचं होतं.

गार्साइडसाहेबांना डॉक्टरनं खरोखरच पुढं परवाना दिला नाही. १९८१ साली ते गेले. त्याआधी त्यांनी गाडी विकली, आणि ती विकत घेतली मेजर हॅलमनी. दर तीन वर्षांनी मेजर ती आमच्याकडे आणायचे आणि बरोबर बुचांची पिशवी आणायचे. ही चांगल्या वाइनची आहेत, नीट वापरा, असं दरवेळी सांगायचे. नव्वदाव्या वर्षापर्यंत ते जगले. त्यांचा तो पुतण्या पुढं अमेरिकेतून जुन्या गाड्या आणून विकायला लागला आणि गबर झाला.

डोरीननं समुद्रकाठी चहाचं दुकान काढलं. दर नाताळला तिच्याकडून एक खोकं यायचं, आत केक आणि केकच्या भोवती बुचं.

वामनरावांनी १९७८ साली डेपो सोडला आणि लेस्टरला एका गल्लीत आमचं स्वतःचं वर्कशॉप टाकलं. पाटीवर त्यांनी दोघांची नावं घातली, आणि रंगाऱ्यानं माझं नाव बारीक अक्षरांत काढलं तेव्हा पाटी परत पाठवली. बेल्जियमहून, हॉलंडहून लोक अमेरिकन गाड्या घेऊन यायचे. ज्यांना पूर्वी टॅक्सी म्हणत, त्यांच्यासाठी त्या क्लबनं शनिवारची वेगळी शर्यत ठेवली होती. २००३ साली वामनराव गेले. त्यानंतरही नऊ वर्षं मी काम केलं. मग बोटं ऐकेनाशी झाली आणि मी मिरजेला भाचीकडे राहायला आले. परात बरोबर आणली. आता मी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे.

परत यायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी शेवटची त्या धावपट्टीवर गेले होते. कुंपण तेच होतं, तार नवी होती. पिवळी हडसन मेजरांची नात चालवत होती. गाडी समोरून गेली आणि माझ्या आजूबाजूच्या सगळ्यांनी एक हात वर केला. शेकडो माणसं, कुणी हसत नव्हतं. म्हातारे, बायका, कडेवरची पोरं. माझ्याशेजारी क्लबचा बिल्ला लावलेला पस्तिशीतला एक गृहस्थ होता. मी नवखी आहे असं वाटून त्यानं मला समजावलं की ही इथली पद्धत आहे, या गाडीला मान द्यायची. अगदी सुरुवातीपासून क्लबमध्ये तिला सगळे असाच हात करतात.

क्षणभर माझं तोंड मिटलेलंच राहिलं. तो भला माणूस होता, आणि चारचौघं ऐकत होते.

“नाही,” मी म्हणाले. “ते चिडवणं होतं. मी इथंच उभी होते.”

तो माझ्याकडे वळला. मग त्यानं मला आपली घडीची खुर्ची उघडून दिली आणि स्वतः गवतावर बसला. मी त्याला सगळं सांगितलं: रुमाल, पेट्रोल, पिंपातली बुचं, आणि हातात ट्रे धरून गप्प उभी राहिलेली मीसुद्धा. सांगून होईपर्यंत गाडी पुन्हा वळणावर आली होती. मी खुर्चीचा आधार घेऊन उठले आणि तिला हात केला.